सलीम अलींची किहीममधील शाळा

जर्मनीत पक्षिशास्त्राचे धडे गिरवून सलीम अली १९३० मध्ये मुंबईला परतले, तेव्हा म्युझियममधील त्यांचे पद पैशांअभावी रद्द झाले होते. नोकरीविना शहरात राहणे परवडेना, म्हणून पत्नी तहमीना यांच्यासह त्यांनी अलिबागनजीकचे किहीम गाठले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तासन् तास निरीक्षण करताना त्यांना या पक्ष्याच्या संसाराची रीत उमगली. नर अर्धा खोपा विणतो, मादी तो पारखते आणि पसंत पडला तरच मुक्कामाला येते. मग नर दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा विणायला घेतो. नाव सुगरण, पण विणकर नर! बेकारीतील हा अभ्यास १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि अभ्यासकांत त्यांचे नाव झाले. २० जून १९८७ रोजी मुंबईतच ते निवर्तले.