कालो यांचा त्रिकोण

बेंगळुरूच्या के. आर. पुरम भागातील रुग्णालय असो वा मुंबईच्या परळमधील, पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत एका फ्रेंच शल्यविशारदाचे नाव हमखास उच्चारले जाते. झाँ-फ्रान्स्वा कालो हे ते नाव. पित्ताशयाच्या मुळाशी असलेला त्रिकोण त्यांच्या नावाने ओळखला जातो. स्वतः कालो यांनी मात्र आपले जवळजवळ सारे व्यावसायिक आयुष्य अस्थिक्षयाने पंगू झालेल्या मुलांसाठी वेचले.

कालो यांचा जन्म १७ मे १८६१ रोजी फ्रान्समध्ये, पिरेनीज पर्वतराजीतील आरान्स या गावी झाला. शालेय शिक्षण संपल्यावर ते वैद्यकशास्त्राच्या अभ्यासासाठी पॅरिसला आले. शिकवण्या करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. त्या काळी पित्तखड्यांवर नेमका कोणता उपाय करावा, याविषयी शल्यविशारदांमध्ये तीव्र मतभेद होते. पित्ताशयाला छेद देऊन केवळ खडे काढावेत, असे एका गटाचे मत होते. दुसरा गट संपूर्ण पित्ताशयच काढून टाकण्याच्या बाजूचा होता. असे धाडस सर्वप्रथम कार्ल लांगेनबूख यांनी १८८२ मध्ये बर्लिनमध्ये केले होते. आधी अनेक मृतदेहांवर सराव करूनच त्यांनी जिवंत रुग्णावर शस्त्र चालवले होते.

या वादाच्या पार्श्वभूमीवर, डिसेंबर १८९० मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी कालो यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेवर आपला प्रबंध सादर केला. पित्ताशयातून निघणारी नलिका, यकृतातून पित्त आणणारी नलिका आणि पित्ताशयाला रक्त पुरवणारी धमनी या तिन्हींमुळे एक समद्विभुज त्रिकोण तयार होतो, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. पित्ताशय काढायचे तर त्याची नलिका आणि धमनी कापावीच लागते. यकृताकडून येणाऱ्या नलिकेला मात्र धक्काही लागता कामा नये. ही नलिका चुकून कापली गेली तर पित्त पोटात झिरपते, कावीळ होते आणि रुग्णाला पुन्हा मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. काहींच्या जिवावरही बेतते.

प्रबंधानंतर कालो यांचा मार्ग बदलला. इंग्लिश खाडीच्या किनाऱ्यावरील बेर्क या गावी अस्थिक्षयाच्या रुग्णांना समुद्राच्या हवेत ठेवून उपचार केले जात. कालो तेथे गेले आणि तेथलेच झाले. क्षयामुळे पाठीला कुबड आलेल्या मुलांना क्लोरोफॉर्म देऊन, त्यांचा कणा जोर लावून सरळ करण्याची पद्धत त्यांनी १८९६ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे मांडली. तिचा मोठा गाजावाजा झाला. परंतु ती धोकादायक असल्याचे लवकरच दिसून आले. पुढे कालो यांनी बळाचा मार्ग सोडला आणि प्लॅस्टरच्या साहाय्याने हळूहळू सुधारणा घडवण्याची सौम्य पद्धत स्वीकारली. गाजलेली पद्धत स्वतःच मागे घेण्याइतका प्रांजळपणा दुर्मीळच म्हणावा लागेल. अस्थिविकारांवरील त्यांच्या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. १९४४ मध्ये बेर्क येथेच त्यांचे निधन झाले. क्षयावरील पहिले प्रभावी औषध ठरलेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधाचा पहिला वृत्तांत त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता.

या औषधांमुळे बेर्कची उपचारपद्धती मागे पडली. तरुणपणीच्या प्रबंधातील त्रिकोण मात्र टिकला, पण तोही मूळ रूपात नाही. आजच्या पाठ्यपुस्तकांत त्रिकोणाची वरची बाजू धमनीऐवजी यकृताच्या कडेने दाखवली जाते आणि धमनी त्रिकोणाच्या आत शोधावी लागते. हा बदल समजण्याजोगा आहे, कारण धमनीचा मार्ग सर्व माणसांत एकसारखा नसतो.

खरी अडचण येथेच आहे. काहींना पित्ताशयाच्या दोन धमन्या असतात. काहींमध्ये यकृताची उजवी धमनी वळसा घेऊन पित्ताशयाला इतकी चिकटते, की तीच पित्ताशयाची धमनी वाटावी. कोणाची पित्ताशयनलिका अगदी आखूड असते, तर कोणाच्या यकृताची एखादी नलिका भलत्याच ठिकाणी येऊन मिळते. फार थोड्या व्यक्तींमध्ये सर्वच अवयव आरशातल्याप्रमाणे उलट्या बाजूला असतात. अशा रुग्णाचे पित्ताशय डावीकडे असते आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला सवयीची प्रत्येक हालचाल उलटी करावी लागते.

जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. भारतात ही शस्त्रक्रिया प्रथम १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केली. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, परंतु सुरुवातीच्या काळात पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण वाढले. अशा २५२ घटनांचा अमेरिकेत अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुसंख्य घटनांमध्ये कौशल्य कमी पडले नव्हते, तर दृष्टिभ्रम झाला होता. शल्यविशारदाने मुख्य नलिकेलाच पित्ताशयाची नलिका मानले होते.

अमेरिकेतील स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सुरक्षित दृश्याची संकल्पना मांडली होती. त्रिकोणातील चरबी व तंतू पूर्णपणे दूर करायचे, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करायचा आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना स्पष्ट दिसल्याखेरीज काहीही कापायचे नाही, असा हा नियम आहे. रचना वेगळी असेल किंवा सूज इतकी असेल की दोन रचना दिसतच नाहीत, तर त्रिकोणात न शिरता पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवून शस्त्रक्रिया संपवण्याचा पर्याय उपलब्ध आहे. पोट उघडून शस्त्रक्रिया करणे किंवा अधिक अनुभवी सहकाऱ्याला बोलावणे, हेही अपयश मानले जात नाही.