मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी : व्याधी आणि काव्यसाधना

रोगनिवारणाच्या हेतूने काव्यरचना करण्याची एक जुनी परंपरा भारतीय वाङ्मयात आढळते. बाणभट्टाचा समकालीन मयूर याने कुष्ठरोगापासून मुक्ती मिळावी म्हणून ‘सूर्यशतक’ रचले अशी आख्यायिका आहे. तुलसीदासांचे ‘हनुमान बाहुक’ बाहुपीडेच्या काळातले मानले जाते. परंतु या परंपरेतील सर्वांत विस्तृत आणि सर्वांत नियमबद्ध रचना केरळात झाली. ती म्हणजे मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी यांचे ‘नारायणीयम्’.

भट्टतिरींचा जन्म इ. स. १५६० च्या सुमारास एका नंबूतिरी ब्राह्मण कुळात झाला. मेल्पत्तूर हे त्यांच्या घराण्याचे नाव. ते घर निळा अर्थात भारतपुळा नदीच्या परिसरात, तिरुनावाया या प्राचीन क्षेत्राजवळ होते. वडील मातृदत्त हे विद्वान असून मीमांसेचे पहिले पाठ नारायणाला त्यांच्याकडूनच मिळाले. वेदाध्ययन माधव नावाच्या गुरूंकडे, तर्कशास्त्र दामोदरांकडे आणि व्याकरण अच्युत पिषारटी यांच्याकडे झाले. हा गुरुक्रम भट्टतिरींनी स्वतः नोंदवून ठेवला आहे. अच्युत पिषारटी हे केरळीय ज्योतिर्गणित परंपरेतील अग्रगण्य आचार्य. ते जातीने नंबूतिरी नव्हते, मंदिरसेवेशी निगडित अशा समाजातले होते. तरीही एका नंबूतिरी तरुणाने त्यांचे शिष्यत्व पत्करले, ही गोष्ट त्या काळाच्या सामाजिक चौकटीत लक्षणीय आहे.

या गुरुशिष्यसंबंधातूनच भट्टतिरींच्या व्याधीची कथा उगम पावते. अच्युत पिषारटींना वातरोगाने ग्रासले होते आणि शिष्याने गुरुदक्षिणा म्हणून तो रोग स्वतःच्या अंगावर ओढून घेतला, असे परंपरा सांगते. या कथेची ऐतिहासिकता सिद्ध करणे शक्य नाही. काव्यातून मात्र एवढे निश्चित दिसते की, तिशीच्या आतच भट्टतिरी दुःसह अशा वातव्याधीने पीडित झाले होते. शास्त्रांत पारंगत झालेला हा तरुण ऐन उमेदीत शरीराने परतंत्र झाला.

अशा अवस्थेत ते गुरुवायूरला आले. मंदिरात ठराविक दिवस राहून नियमपूर्वक उपासना करण्याची प्रथा केरळात ‘भजनम्’ या नावाने रूढ आहे आणि वातपीडित रुग्ण त्यासाठी गुरुवायूरला विशेषेकरून येत. स्थळनामाची परंपरागत व्युत्पत्ती गुरू आणि वायू या देवतांशी जोडलेली आहे. वायू हा वातरोगाचाही अधिष्ठाता. संस्कृतात या क्षेत्राचा उल्लेख ‘वातालय’ असाही होतो. या श्लेषाची जाणीव वैयाकरण कवीला नसती तरच नवल.

स्तोत्राचा आरंभ कसा करावा याविषयी त्यांनी मलयाळम् कवी तुंचत्त एळुत्तच्छन यांचा सल्ला मागितला, अशी एक आख्यायिका आहे. मत्स्यापासून प्रारंभ करावा, असा निरोप आला. शाकाहारी नंबूतिरीला तो प्रथम विचित्र वाटावा, परंतु भट्टतिरींनी त्याचा मर्मार्थ ओळखला : मत्स्यावतारापासून भगवंताच्या लीलांचे वर्णन करावे. कथा दंतकथा असली तरी काव्याच्या विषयनिवडीशी ती सुसंगत आहे.

परंपरेनुसार रोज एक दशक या क्रमाने शंभर दिवसांत शंभर दशके पूर्ण झाली. दशक म्हणजे साधारणतः दहा श्लोकांचा गट; एकूण श्लोकसंख्या १,०३६ मानली जाते, काही गणनांत ती १,०३४ येते. अठरा हजार श्लोकांचे म्हणून प्रसिद्ध असलेले भागवत येथे इतक्या अल्प विस्तारात सामावले आहे. याच शतकात एकनाथांनी भागवताच्या केवळ एकादश स्कंधावर अठरा हजारांहून अधिक ओव्यांची टीका रचून ती १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केली, हे मराठी वाचकाला येथे आठवल्यावाचून राहणार नाही. एकाने विस्तार केला, दुसऱ्याने संक्षेप. एकाला लोकांना समजावून सांगायचे होते. दुसऱ्याला देवाशी एकट्याने बोलायचे होते.

या फरकातच नारायणीयाचे मर्म आहे. संपूर्ण काव्य मध्यम पुरुषात, मूर्तीला उद्देशून रचलेले आहे. भगवंताची कथा भगवंतालाच सांगितली जाते आणि बहुतेक दशकांच्या अखेरीस कवी आपल्या व्याधीकडे वळून आरोग्याची याचना करतो. प्रतिदिनी वेदनेला एक निश्चित स्थान मिळते, परंतु ते शेवटच्या श्लोकापुरतेच. उरलेले नऊ श्लोक सृष्टी, वराह, ध्रुव, प्रल्हाद आणि कृष्ण यांचे असतात. दुःखाचा उच्चार टाळलेला नाही, तसेच त्याला दिवसभराची मोकळीकही दिलेली नाही. रोज नवे कथाप्रकरण आणि त्याला साजेसे वृत्त निवडणे हे शास्त्रव्युत्पन्न बुद्धीला एकाग्र ठेवणारे कार्य होते. शंभराव्या दशकात कवीला समोर दिसणाऱ्या देवाच्या रूपाचे केसांपासून पायांपर्यंत वर्णन येते. ज्याचे स्वतःचे अवयव वेदनेने जखडले होते, त्याची दृष्टी अखेर एका निर्दोष शरीरावर स्थिरावते.

काव्याचा शेवट आयुष्य, आरोग्य आणि सौख्य या अर्थांच्या एका समासाने होतो. कटपयादि पद्धतीने त्याची अक्षरे मोजली असता १७१२२१० ही कलिदिनसंख्या मिळते. ती कोल्लम वर्ष ७६२ च्या वृश्चिक मासातील २८ वा दिवस, म्हणजे इ. स. १५८६ च्या नोव्हेंबरचा अखेरचा आठवडा, दर्शविते. ज्योतिर्गणिताच्या आचार्याचा शिष्य आपल्या आरोग्ययाचनेतच तिथीची नोंद करून ठेवतो.

काव्यसमाप्तीच्या दिवशी रोग पूर्णतः गेला, अशी श्रद्धा आहे. इतिहासाला तितके ठाम विधान करता येत नाही; परंतु १६२१ मध्ये अच्युत पिषारटी निवर्तले तेव्हा भट्टतिरींनी त्यांच्यावर शोकश्लोक रचला, म्हणजे नारायणीयानंतर किमान पस्तीस वर्षे ते लिहिते होते. अंबलप्पुळचा राजा देवनारायण याच्या प्रेरणेने त्यांनी ‘प्रक्रियासर्वस्व’ हा वीस खंडांचा व्याकरणग्रंथ सिद्ध केला. पाणिनीने न सांगितलेले शिष्टप्रयोगही प्रमाण मानावेत, असा पक्ष त्यांनी स्वतंत्र ग्रंथात मांडला. चाक्यारांच्या रंगपरंपरेसाठी त्यांनी अनेक प्रबंध रचले. ‘निरनुनासिक’ या प्रबंधात नाक कापलेली शूर्पणखा रावणापुढे गाऱ्हाणे मांडते, म्हणून तिच्या भाषणात एकही अनुनासिक वर्ण नाही. एकेकाळच्या रुग्णाची विनोदबुद्धी येथे शाबूत दिसते.

केरळची लोकस्मृती मात्र या पंडिताला निर्विवाद श्रेष्ठत्व देत नाही. समकालीन पून्तानम् यांनी आपली मलयाळम् रचना तपासण्याची विनंती केली असता भट्टतिरींनी ती नाकारली. तेव्हा देवाने मेल्पत्तूरच्या विभक्तीपेक्षा पून्तानमच्या भक्तीला अधिक मानले, अशी कथा आहे. पून्तानमची ‘ज्ञानप्पान’ ही बालपुत्राच्या मृत्यूच्या शोकातून जन्मली, असे मानतात. म्हणजे गुरुवायूरच्या एकाच देवापुढे एकाने शरीराची पीडा संस्कृतात मांडली, दुसऱ्याने मनाची जखम मातृभाषेत.

वृश्चिक मासातील तो २८ वा दिवस गुरुवायूरला ‘नारायणीयदिन’ म्हणून पाळला जातो, आणि आजारी माणसाच्या उशाशी बसून नारायणीयाचे पारायण करण्याची रीत केरळीय घरांत आजही आहे. एका रुग्णाने स्वतःसाठी आखलेला दैनंदिन क्रम अशा रीतीने इतर रुग्णांचा आधार झाला. भट्टतिरींच्या पांडित्याचा अभ्यास विद्वान करीत राहतील. परंतु लोकांनी त्यांच्याकडून घेतले ते त्या शंभर दिवसांचे धैर्य.