डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांचे चरित्र

ज्या घरांतील मुलामुलींनी वैद्यकाचा अभ्यासक्रम पत्करला आहे, त्या घरांत ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथाचे नाव अपरिचित नाही. इ. स. १८५८ मध्ये लंडन येथे निघालेला हा ग्रंथ नवनव्या आवृत्त्यांच्या रूपाने अद्याप अभ्यासिला जातो. त्याच्या कीर्तीचे निम्मे श्रेय तरी त्यातील चित्रांस दिले पाहिजे. ती चित्रे काढणाऱ्या पुरुषाने आपल्या आयुष्याची उमेदीची तीस वर्षे मुंबई व सातारा येथील रुग्णांमध्ये वेचली, ही गोष्ट मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. त्या डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांचे अल्प चरित्र येथे सादर करीत आहे.

कार्टर यांचा जन्म ता. २२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर हे जलरंगातील चित्रकार होते. मुलाने चित्रकार व्हावे या हौसेनेच की काय, त्यांनी व्हॅन डाइक या थोर चित्रकाराचे नाव त्यास दिले. मुलाचा ओढा वैद्यकाकडे निघाला. परंतु वडिलांच्या हातची कला त्याच्या बोटांत उतरली होती. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शिक्षण घेऊन ते शस्त्रवैद्य झाले आणि १८५६ मध्ये लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी त्यांनी मिळविली. त्यांच्या रोजनिशीवरून असे दिसते की, हा तरुण अत्यंत कष्टाळू, धर्मचिंतन करणारा आणि आपल्या योग्यतेविषयी सदैव साशंक असा होता.

त्याच रुग्णालयात हेन्री ग्रे हे हुशार व महत्त्वाकांक्षी अध्यापक होते. ग्रंथ ग्रे यांनी लिहावा व चित्रे कार्टर यांनी काढावी, असे ठरले. दोघांनी सुमारे दीड वर्ष शवविच्छेदन करून ३६३ चित्रांचा तो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. शिरा, स्नायू, अस्थी यांची नावे त्या त्या भागावरच लिहिण्याची सोय कार्टर यांनी केली. त्यामुळे विद्यार्थ्याचे काम फार सुलभ झाले. मोबदल्याच्या बाबतीत मात्र मोठा भेद पडला. ग्रे यांस प्रत्येक हजार प्रतींमागे दीडशे पौंड मिळावयाचे होते. कार्टर यांस एकदाच दीडशे पौंड मिळाले. इतकेच नव्हे, तर मुखपृष्ठाचे मुद्रित तपासताना ग्रे यांनी कार्टर यांचे नाव लहान टाइपात घालण्याची सूचना केली. ग्रंथ बाहेर पडण्यापूर्वीच कार्टर मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय नोकरीत दाखल होऊन हिंदुस्थानकडे निघाले होते. पुढे तीनच वर्षांनी, १८६१ मध्ये, ग्रे देवीच्या रोगाने ऐन तारुण्यात निवर्तले.

मुंबईत भायखळ्यास सर जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्याने १८४५ मध्ये मोठे रुग्णालय सुरू झाले होते, व त्याला लागूनच ग्रँट मेडिकल कॉलेज होते. कार्टर तेथे शरीररचना व शरीरव्यापार या विषयांचे अध्यापक झाले आणि रुग्णालयातही काम पाहू लागले. त्या काळी रुग्णालयात येणारा मनुष्य बहुधा सर्व उपाय थकल्यावर येई. ज्याला घर व आप्त आहेत तो घरीच वैद्याकडून उपचार करून घेई. ज्याला कोणी नाही तो रुग्णालयात येई. ताप, अतिसार, महामारी, क्षय, कुजलेल्या जखमा यांनी खाटा भरलेल्या असत. रोगजंतूंचे शास्त्र अद्याप जन्मास यावयाचे होते. वैद्याजवळ औषधे थोडी, आणि रोगाच्या मूळ कारणाचे ज्ञान त्याहून थोडे.

अशा स्थितीत कार्टर यांनी एक व्रत घेतले. रुग्ण बरा होवो अथवा न होवो, त्याचा रोग नीट पाहावयाचा, सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयाचा व जसाच्या तसा कागदावर उतरावयाचा. अनवाणी शेतात राबणाऱ्या कुणब्यांच्या पायास एक विलक्षण रोग होत असे. काटा वा खडा लागून पाय सुजे, त्यास अनेक छिद्रे पडत व त्यांतून काळे किंवा पिवळट दाणे वाहत. शेवटी पाय तोडण्यावाचून गत्यंतर नसे. हा रोग बुरशीपासून होतो असे कार्टर यांनी दाखविले, त्यास मायसेटोमा हे नाव सुचविले, व १८७४ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. या रोगाच्या काही प्रकारांस बुरशी नव्हे तर अन्य सूक्ष्म जंतू कारण असतात असे पुढे ठरले. तथापि मूळ वाट कार्टर यांनीच पाडली.

१८६३ ते १८७२ पर्यंत ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. त्या काळी महारोग म्हणत त्या कुष्ठरोगाचा त्यांनी दीर्घ अभ्यास केला, व मज्जातंतू कसे जाड होऊन बधिर होतात याची चित्रे काढली. पुढे रजेवर असता ते नॉर्वे देशी गेले. तेथे हॅन्सेन यांना १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू आढळला होता. रोग आनुवंशिक आहे हा समज तेव्हा सर्वत्र दृढ असता, हॅन्सेन यांचे म्हणणे उचलून धरणाऱ्या पहिल्या काही वैद्यांत कार्टर होते. नॉर्वेप्रमाणे येथेही रुग्णांस वेगळे ठेवावे असे त्यांचे मत झाले. या मताने पुढे अनेक निरपराध रुग्णांच्या वाट्यास घरादाराचा वियोग आला, हेही नमूद केले पाहिजे. आज औषधाने हा रोग पूर्ण बरा होतो, म्हणून त्या काळचा इलाज आपणांस कठोर वाटतो.

कार्टर यांच्या आयुष्यातील खरी कसोटी १८७७ साली आली. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. सोलापूर, कलादगी, अहमदनगर, सातारा, पुणे या जिल्ह्यांतील हजारो माणसे अन्नासाठी देशोधडीस लागली, आणि त्यांतील पुष्कळ मुंबईस येऊन पोहोचली. अंगावर एकच वस्त्र, तेही महिनोन्महिने न धुतलेले. निजावयास दाटीवाटीची जागा. या लोकांत एक ताप पसरला. थंडी भरून एकाएकी जोराचा ताप येई, डोके व सांधे फुटत, डोळे पिवळे होत, प्लीहा वाढे. पाचसहा दिवसांनी घाम सुटून ताप झपाट्याने उतरे. रुग्ण बरा झाला असे वाटावे, तो सुमारे आठवड्याने तोच ताप उलटून येई. कित्येक तर ताप उतरण्याच्या वेळीच गळाठून मृत्यू पावत. रोगाची लक्षणे हिवतापासारखी भासल्यामुळे हा नेहमीचाच ताप होय, असे पुष्कळ वैद्य समजत.

कार्टर यांनी रुग्णांच्या बोटातील रक्ताचा थेंब घेऊन रोजच्या रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा क्रम ठेवला. तेव्हा त्यांस मळसूत्रासारखे वळलेले, चपळ असे बारीक जंतू दिसले. ताप चढला की ते रक्तात दिसत, ताप उतरला की नाहीसे होत, उलटला की पुन्हा दिसत. असे जंतू बर्लिन येथे ओबरमायर यांनी पूर्वी पाहिले होते. पण हा रोग हिंदुस्थानात आहे याचा निर्विवाद पुरावा कार्टर यांनी दिला. पुढे रुग्णाचे रक्त माकडांस टोचून तोच ताप त्यांच्यात उत्पन्न होतो, हेही त्यांनी सिद्ध केले. जे रुग्ण मरण पावले त्यांची शवे स्वतः तपासून यकृत, प्लीहा यांत झालेले फेरफार टिपून ठेवले. या कामात त्यांना स्वतःलाही त्याच तापाने गाठले. बरे होताच ते पुन्हा कामास लागले. १८८२ मध्ये या तापावरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातच या रोगास दुष्काळाचा ताप असेही म्हटले आहे, हे अर्थपूर्ण होय.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्यांच्या रक्तावरून व देहावरून हे ज्ञान मिळाले, ती माणसे कोण होती? ती आपल्याच मुलखातील शेतकरी, मजूर, त्यांच्या बायका व लेकरे होती. त्यांच्या देहाची तपासणी करण्यास कोणी त्यांची वा त्यांच्या आप्तांची रीतसर संमती घेतली असेल, असे त्या काळच्या रीतीकडे पाहता वाटत नाही. ज्या राज्यव्यवस्थेने कार्टर यांस पगार दिला, तिच्याच अमलात ती माणसे अन्नावाचून मुंबईपर्यंत चालत आली होती. म्हणून कार्टर यांची थोरवी गाताना या मृतांचे ऋण विसरणे अन्यायाचे होईल. कार्टर यांच्याविषयी इतके निश्चित म्हणता येईल की, ज्यांच्याकडे इतरांनी केवळ मृत्यूंचा एक आकडा म्हणून पाहिले असते, त्यांच्या रोगाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला.

त्या कामाचे फळ पुढे दिसले. तापाचा जंतू निश्चित ठाऊक झाल्यामुळे तो एका माणसापासून दुसऱ्यास कसा जातो हा पुढचा प्रश्न विचारता आला. १९०७ मध्ये नाशिक येथील एका मिशन वसतिस्थानातील साथीवरून डॉ. मॅकी यांनी दाखविले की, कपड्यांतील उवा हा रोग पसरवितात. म्हणजे गर्दी, उपासमार आणि धुण्यास पाणी व बदलण्यास दुसरे वस्त्र नसणे, हीच या रोगाची जन्मभूमी ठरली.

कार्टर पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले. १८८७ च्या सुमारास त्यांनी मुंबईच्या रुग्णांच्या रक्तात हिवतापाचे जंतूही पाहिले, व लाव्हराँ यांच्या शोधास हिंदुस्थानातून लवकर पुष्टी देणाऱ्यांत त्यांची गणना झाली. १८८८ मध्ये निवृत्त होऊन ते इंग्लंडमध्ये स्कारबरो येथे राहिले. १८९० मध्ये राणीचे मानद शस्त्रवैद्य हा सन्मान त्यांस मिळाला. ता. ४ मे १८९७ रोजी क्षयरोगाने त्यांचे देहावसान झाले.

ग्रंथावर नाव राहिले ते ग्रे यांचे. कार्टर यांनी आपल्या नावासाठी भांडल्याचे दिसत नाही. पुढचे काम हाती घेणे हेच त्यांनी पसंत केले. आणि ज्या रुग्णांनी त्यांना शिकविले त्यांची नावे तर कोणत्याच ग्रंथावर नाहीत. आपल्या मुलांपैकी जे वैद्य होऊन सरकारी रुग्णालयाच्या दाराशी उभे राहतील, त्यांनी खाटेवरच्या अत्यंत दरिद्री रुग्णाकडेही आपला गुरू म्हणून पाहावे. ज्ञान तेथूनच आले आहे, व त्याची फेड तेथेच करावयाची आहे.