विल्यम चेस्टर मायनर

विल्यम चेस्टर मायनर (जून १८३४ – २६ मार्च १९२०) हे अमेरिकन लष्करातील शल्यचिकित्सक होते. इंग्लंडमधील ब्रॉडमूर या कडेकोट बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयात ते सुमारे ३८ वर्षे होते. तेथूनच त्यांनी 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'साठी हजारो अवतरणे पुरवली.

पूर्वायुष्य

मायनर यांचा जन्म सिलोनमध्ये (आताचे श्रीलंका) एका अमेरिकन मिशनरी कुटुंबात झाला. चौदाव्या वर्षी त्यांना अमेरिकेस पाठवण्यात आले. १८६३ मध्ये येल येथून वैद्यकीय पदवी घेऊन ते यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. एका पळपुट्या सैनिकाला डाग देण्याच्या प्रसंगामुळे त्यांचे मन बिघडले, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला भक्कम कागदोपत्री आधार नाही. १८६८ मध्ये त्यांना वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात दाखल करावे लागले. पुढे लष्कराने त्यांना निवृत्तिवेतन देऊन सेवामुक्त केले.

हत्या आणि खटला

१८७१ मध्ये ते लंडनला आले व लँबेथ भागात राहू लागले. रात्री माणसे खोलीत शिरून आपला छळ करतात, असा त्यांचा ठाम समज होता. १७ फेब्रुवारी १८७२ च्या पहाटे अशाच भ्रमात त्यांनी कामावर निघालेल्या जॉर्ज मेरेट या मद्यनिर्मितीगृहातील कामगाराला गोळ्या घालून ठार केले. मेरेट यांच्या मागे गरोदर पत्नी व सहा मुले होती.

मनोविकृतीच्या कारणावरून न्यायालयाने मायनर यांना निर्दोष ठरवले. पण निर्दोष म्हणजे मुक्त नव्हे. अशा आरोपीला राणीची मर्जी असेपर्यंत, म्हणजे अनिश्चित काळासाठी, स्थानबद्ध ठेवण्याची तरतूद इंग्लंडमध्ये १८०० पासून होती. बर्कशायरमधील क्रोथोर्नजवळ १८६३ मध्ये सुरू झालेले ब्रॉडमूर अशाच लोकांसाठी होते. त्याला उंच भिंती होत्या, परंतु त्याचा कारभार वैद्यकीय अधीक्षकाच्या हाती असे आणि तेथील लोक कैदी नव्हे, रुग्ण मानले जात.

ब्रॉडमूरमधील कार्य

निवृत्तिवेतन व शांत वागणूक यांमुळे मायनर यांना दोन खोल्या व पुस्तके बाळगण्याची मुभा मिळाली. मेरेट यांच्या विधवेला त्यांनी आर्थिक मदत देऊ केली. तिने ती स्वीकारलीच, शिवाय काही काळ ती त्यांना भेटायला येई आणि लंडनहून पुस्तकेही आणून देई.

शब्दकोशाचे संपादक जेम्स मरे यांनी स्वयंसेवी वाचकांना केलेले आवाहन मायनर यांच्या हाती पडले. ते प्रामुख्याने सोळाव्या-सतराव्या शतकांतील ग्रंथ वाचत, प्रत्येक ग्रंथातील शब्दांची पृष्ठांकांसह सूची करत आणि संपादक ज्या शब्दावर काम करत असतील नेमक्या त्याच शब्दाची अवतरणे पाठवत. या पद्धतीमुळेच त्यांची मदत इतरांपेक्षा अधिक उपयोगी ठरली. ब्रॉडमूरला पोहोचेपर्यंत मरे यांना ते रुग्ण असल्याची कल्पनाच नव्हती, ही रंजक आख्यायिका खरी नाही. १८९१ च्या पहिल्या भेटीपूर्वीच त्यांना ते कळले होते.

मात्र भ्रम कधीच गेले नाहीत. दिवसा साक्षेपी अभ्यासक असलेला हा माणूस रात्री तितकाच भयग्रस्त असे. नंतरचे अधीक्षक रिचर्ड ब्रेन यांची शिस्त कडक होती व त्यांनी सवलती काढून घेतल्या. १९०२ मध्ये मायनर यांनी भ्रमाच्या भरात स्वतःचे लिंग कापले.

अखेर

मरे यांच्या खटपटीनंतर १९१० मध्ये गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी त्यांना अमेरिकेस पाठवण्याचा आदेश दिला. सेंट एलिझाबेथ्समध्ये त्यांच्या आजाराचे निदान 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' (आजच्या परिभाषेत स्किझोफ्रेनिया) असे झाले. १९१९ मध्ये त्यांना कनेटिकटमधील वृद्ध मनोरुग्णांच्या संस्थेत हलवण्यात आले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. शब्दकोशाची पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली.