वाटाण्याच्या रोपाचा टाइमलॅप्स: घरात लहान मुलं असताना दादासाहेब फाळके कॅमेरा कसा शिकले?

फोनचा कॅमेरा उघडला की फोटो, व्हिडिओ, पोर्ट्रेट यांच्या रांगेत टाइमलॅप्स नावाचा एक मोड दिसतो. बहुतेक जण तो एकदा ढगांवर वापरून बघतात आणि विसरून जातात. पण मित्रांनो, भारतातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाला पैसे उभे राहिले ते याच तंत्राने काढलेल्या मिनिटभराच्या फिल्ममुळे. ती काढणारा माणूस तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता, नोकरी-धंदा सुटलेला होता आणि घरात लहान लेकरं होती. आज त्या माणसाची, म्हणजे दादासाहेब फाळके यांची गोष्ट बघू. सोबत त्यातून आपल्या फोनसाठी काय घेता येईल तेही बघू.

सुरुवात फोटोपासून

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला शिकताना त्यांच्या हातात कॅमेरा आला. फोटो काढणं, डेव्हलप करणं, छापणं हे सगळं ते तिथे करून करून शिकले. मग गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला.

तिथे प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेले. बडोद्याला परत येऊन स्टुडिओ चालवायचा प्रयत्न केला, तर लोक फोटो काढायलाच घाबरायचे. कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो, असा समज होता. धंदा बसला.

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नीचं नाव सरस्वतीबाई. नंतर पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी, ती सोडून लोणावळ्याला छापखाना, तो दादरला हलवणं, रंगीत छपाई शिकायला १९०९ मध्ये जर्मनी असा प्रवास झाला. शेवटी भागीदारांशी पटेना म्हणून तोही धंदा सोडला.

मुलासोबत बघितलेला सिनेमा

१९११ च्या सुमारास ते थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावात तंबूतला सिनेमा बघायला गेले. पडद्यावर हलणारे प्राणी होते. पुढे येशू ख्रिस्ताच्या जीवनावरची फिल्म सरस्वतीबाईंसोबत बघितली. आपल्या राम-कृष्णाच्या गोष्टी अशा पडद्यावर का येऊ नयेत, हे डोक्यात बसलं ते कायमचंच.

मग घरी अभ्यास सुरू झाला. छोटा कॅमेरा आणि रिळं आणायची, मेणबत्ती आणि भिंगाच्या मदतीने भिंतीवर चित्रं पाडायची, पुस्तकं मिळवून वाचायची. झोप जवळजवळ नाहीच. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली, आणि ते लगेच पुन्हा कामाला लागले.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथे बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले, सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ बघितला. विल्यमसन कंपनीचा हाताने हँडल फिरवायचा कॅमेरा आणि फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं मशीन घेतलं, कोडॅकच्या कच्च्या फिल्मची ऑर्डर दिली आणि परत आले. कॅमेरा घरी पोचल्यावर पहिला सराव मुलांवरच झाला.

वाटाणा आणि फ्रेमचा हिशोब

पैसे देणाऱ्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोप वाढेल तसं फ्रेम-फ्रेम करून महिनाभर टिपलं. पडद्यावर बी फुटून वेल मिनिटभरात वर चढला. ही फिल्म म्हणजे 'अंकुराची वाढ'. ती बघून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखे मित्र पैसे द्यायला तयार झाले.

त्यांनी रोज एकच फ्रेम घेतली असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. हिशोब करून बघा. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरायचे. तीस दिवसांच्या तीस फ्रेम दोन सेकंदांत संपतात. मिनिटभरासाठी ९६० फ्रेम लागतात, म्हणजे रोज बत्तीस. त्यामुळे कुंडीपाशी दिवसातून अनेकदा फेऱ्या झाल्या असणार. शिवाय चित्र कसं आलं हे फिल्म धुतल्याशिवाय कळायचं नाही. एक फ्रेम चुकली तर ते रोप मागे नेता येत नव्हतं.

हाच हिशोब आपण फोनवर करू. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात हरभऱ्याला काही तोटा नाही, तर वाटाण्याऐवजी हरभरा घ्या. दहा दिवसांचा वीस सेकंदांचा व्हिडिओ हवा आहे. सेकंदाला ३० फ्रेमप्रमाणे ६०० फोटो लागतील. दहा दिवस म्हणजे १४,४०० मिनिटं, त्याला ६०० ने भागलं की दर २४ मिनिटांनी एक फोटो. फोनच्या साध्या टाइमलॅप्स मोडमध्ये इतकं मोठं अंतर सहसा मिळत नाही. ठराविक अंतराने फोटो काढणारं ॲप घ्या. घरात पडून असलेला जुना फोन स्टँडवर पक्का बसवा, फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, चार्जर लावा आणि एक बल्ब दिवसरात्र चालू ठेवा. नाहीतर अर्धे फोटो काळे येतील. फोन लेकरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

सगळं घर कामाला

'राजा हरिश्चंद्र' चं शूटिंग दादरला झालं. रोहिताश्वाचं काम भालचंद्रने केलं. सरस्वतीबाई युनिटमधल्या साठ-सत्तर जणांचा स्वयंपाक करायच्या, उन्हात पांढरी चादर धरून कलाकारांच्या चेहऱ्यावर उजेड पाडायच्या आणि रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडायच्या. फिल्म धुण्याची रसायनंही त्या शिकल्या. त्यांचे दागिनेही या कामात गेले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात चित्रपट लागला आणि चालला.

चादरीची युक्ती आजही तशीच कामाला येते. दुपारच्या उन्हात मुलांचा फोटो काढताना डोळ्यांखाली काळी सावली येते. मुलाला उन्हाकडे पाठ करून उभं करा आणि समोरून कुणाला तरी पांढरी चादर किंवा थर्माकोल धरायला सांगा. फरक लगेच दिसतो.

पण इथे एक गोष्ट बघायला हवी. फाळके दिवसरात्र शिकू शकले, कारण घर सरस्वतीबाईंनी धरून ठेवलं होतं. नाव मोठं झालं ते एकाचं. आजही घरात लहान मूल असताना एकाला कॅमेऱ्याचा नाद लागला की दूध, शी-शू आणि जागरण दुसऱ्याच्या वाट्याला जातं. छंद सोडायची गरज नाही, पण कॅमेरा आणि लेकरू दोन्ही आळीपाळीने हातात घ्यायला पाहिजेत.

मंदाकिनीचा चेहरा

१९१९ च्या 'कालिया मर्दन' मध्ये कृष्ण झाली फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या सुरुवातीला फक्त तिचा चेहरा दिसतो. हसू, राग, आश्चर्य असे भाव ती एकामागून एक दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. फाळक्यांच्या बऱ्याच फिल्म नष्ट झाल्या, पण ही बऱ्यापैकी टिकली. शंभर वर्षांनंतरही ती लहान मुलगी आपल्याकडे बघते.

बोलपटांच्या काळात फाळके मागे पडले. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला.

आपल्या गॅलरीत मुलांचे हजारो फोटो असतात, पण ते विखुरलेले असतात. दर रविवारी घराच्या त्याच दारात, त्याच उंचीवरून, त्याच वेळी मुलाचा एक फोटो काढा. वर्षाला ५२ फोटो होतात. सेकंदाला चार ठेवले तर तेरा सेकंदांचा व्हिडिओ. वेगळा फोल्डर करा आणि त्याची एक कॉपी फोनबाहेर पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर ठेवा. दोघा आई-बाबांनी आलटून पालटून फोटो काढा.