शिष्यवृत्तीची मुदत

दर वर्षी जून उजाडला की दहावी उत्तीर्ण झालेले आमचे विद्यार्थी कागदपत्रांची पिशवी घेऊन वसतिगृहाच्या ओट्यावर येऊन बसतात. कोणाला तंत्रनिकेतनात जायचे असते, कोणाला आयटीआयमध्ये. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक, पासबुक ही जुळवाजुळव आम्ही अनेक वर्षे करीत आलो आहोत. भारत सरकार शिष्यवृत्तीच्या अटी मुलांना जाचक वाटतात, आणि पुष्कळदा त्या तशा असतातही. परंतु इतिहासाचे अध्यापक म्हणून आम्हांला त्या अटींमागे एक चरित्र दिसते. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्राची तेवढीच बाजू या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, ही हकीकत आपल्या घराघरांत ठाऊक आहे. याच गुरुजींनी पुढे आणखी एक उपकार केला, त्याची आठवण मात्र क्वचितच निघते. एल्फिन्स्टन महाविद्यालयाचा खर्च सुभेदार रामजींना झेपेनासा झाला, तेव्हा गुरुजींनी भीमरावांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या भेटीस नेले. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि बी.ए. पूर्ण झाले.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार निवर्तले. त्याच वर्षी ४ जूनला भीमरावांनी बडोद्यात एका करारपत्रावर सही केली. अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते. ठरलेल्याच विषयांचा अभ्यास करायचा आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, अशा अटी होत्या. अस्पृश्य समाजातील एक तरुण कोलंबिया विद्यापीठात पोहोचला तो या कागदाच्या बळावर.

त्याच कागदाने त्यांची वाट अडवलीही. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. प्रबंधाचे काम रंगात आले असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपल्याचे बडोद्याहून कळले. अभ्यास अर्धवट टाकून ऑगस्ट १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी दिली, पण परवानगीने बोटीचे भाडे भागत नाही. कराराप्रमाणे ते बडोद्यात रुजू झाले. तेथे कचेरीत विटाळ आणि गावात राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. पदवी मिळवून देणाऱ्या शिष्यवृत्तीत डोक्यावर छप्पर मिळवून देण्याची तरतूद नव्हती. आमच्या मते बाबासाहेबांनी पुढे वसतिगृहांचा जो ध्यास घेतला, त्याचे मूळ या दिवसांत आहे. सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून शिल्लक टाकून, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे ५००० रुपयांचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले, तेव्हा कोठे राहिलेले शिक्षण पुरे झाले.

सयाजीराव महाराजांचे ऋण आम्ही मान लववून स्वीकारतो. पण ती राजाची कृपा होती. कृपेला मुदत असते, आणि ती संपल्यावर दाद मागायला जागा नसते. बाबासाहेबांच्या पुढील सार्वजनिक कार्याचा मोठा भाग या कृपेचे नियमात आणि नियमाचे हक्कात रूपांतर करण्यात खर्ची पडला, असे आमचे वाचन आहे.

मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. समितीच्या १९३० च्या अहवालात शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे वाढवण्याबरोबर एक वेगळी शिफारस आहे. मुलांना गिरण्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत काम शिकण्यासाठी आणि परदेशी अभियांत्रिकी शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी. ज्या काळी आपला माणूस कारकून झाला तरी गाव पाहायला येत असे, त्या काळातली ही दृष्टी आहे.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. महायुद्ध ऐन भरात होते. युद्धकारखान्यांना फिटर, टर्नर हवे होते. त्यांना सरकारी केंद्रांत विद्यावेतन देऊन शिकवण्याची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. गरज पडली की सरकार तरुणाला पैसे देऊन लेथ शिकवू शकते, हे त्यांच्या टेबलावरच सिद्ध होत होते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. त्यातला शिक्षणाचा भाग आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून समजावून सांगतो. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाजाचा फारसा निभाव लागणार नाही, विज्ञान व तंत्रशिक्षणाने लागेल. पण ते शिक्षण या समाजाच्या ऐपतीबाहेरचे आहे, हा त्यातला युक्तिवाद. मागणी आकड्यांत होती. देशातील विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी वर्षाला २ लाख रुपये, परदेशी शिक्षणासाठी १ लाख, आणि सरकारी छापखाने व रेल्वे कारखान्यांत उमेदवारीच्या जागा. बनारस आणि अलीगढ या विद्यापीठांना सरकार प्रत्येकी ३ लाख देत होतेच, याकडेही त्यांनी बोट दाखवले. अर्थशास्त्रज्ञाने मागितलेला हक्क असा असतो. त्यात याचनेचा सूर शोधून सापडत नाही.

सरकारने ३ लाखांची तरतूद मान्य केली, आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आमची मुले ज्या अर्जावर आज सही करतात, त्याचा हा जन्म.

तरीही केवळ सरकारी आदेश पुरेसा नव्हता. मद्रास प्रांतात अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांतील दर १४ जागांपैकी २ जागा अस्पृश्य समाजासाठी आणि २ मागास हिंदूंसाठी ठेवणारा आदेश होता. ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. त्यांनी संसदेत या निकालाविरुद्ध भूमिका मांडली, आणि अडीच महिन्यांच्या आत, जून १९५१ मध्ये, पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५ ला चौथे उपकलम जोडले गेले. तंत्रशिक्षणातील राखीव जागा आज उभ्या आहेत त्या या पायावर.

एक प्रसंग उरतो, तो आपल्या सर्वांच्या घरचा आहे. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली, तेव्हा धर्म बदलला तर सवलतींचे काय, हा प्रश्न विचारला जात होता. बाबासाहेबांनी तो टाळला नाही; दुसऱ्याच दिवशीच्या भाषणात त्याला उत्तर दिले. पण त्यांना पुढे दोन महिनेही लाभले नाहीत. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, तरी केंद्राच्या दप्तरी बौद्धांना अनुसूचित जातीत स्थान मिळायला १९९० साल उजाडावे लागले. त्या चौतीस वर्षांत राज्याबाहेर पडू पाहणाऱ्या किती मुलांनी पाय मागे घेतले असतील? आम्ही स्वतः मॅट्रिक झालो तेव्हा अर्जावर जातीच्या रकान्यात नवबौद्ध असे लिहीत होतो. लिहिताना वडिलांची मान ताठ असे आणि कारकुनाच्या कपाळावर आठी.

आजचे अडथळे निराळे आहेत. आमचा एक विद्यार्थी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होता. शिष्यवृत्तीचा हप्ता सरकारकडून उशिरा आला, म्हणून संस्थेने त्याचे गुणपत्रक अडवून धरले आणि हातची नोकरी गेली. मुदतीचा तोच जुना फास! त्यानंतर आम्ही शाळेच्या कार्यालयात रविवारी सकाळी अर्ज भरून देण्याची व्यवस्था केली. माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियंते आहेत, त्यांतील काहीजण आळीपाळीने येऊन बसतात. आणखी हात हवे आहेत. पालकांनी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एप्रिलमध्येच तहसील कार्यालयात अर्ज करावा, जात वैधतेची कागदपत्रे अकरावीची वाट न पाहता काढायला घ्यावीत, आणि पासबुकावरचे नाव व शाळेच्या दाखल्यावरचे नाव अक्षराने अक्षर जुळते की नाही, हे एकदा दिव्याखाली धरून पाहावे.