पुणे विद्यापीठातलं ‘जयकर’ माहितीये, पण हे जयकर कोण?

राजगुरुनगरच्या पोराला पुणे विद्यापीठाच्या ‘जयकर’ ग्रंथालयात बसायचं, तर आधी चाकणचं ट्रॅफिक पार करावं लागतं. गंमत म्हणजे रस्त्यांच्या गोष्टीतही जयकरच भेटतात.

मुकुंद रामराव जयकर. जन्म १८७३ चा. लंडनहून बॅरिस्टर होऊन आले. जालियनवाला बाग हत्याकांडाच्या काँग्रेसच्या चौकशी समितीत ते गांधीजींसोबत होते. १९२७ मध्ये सरकारने रस्ते विकास समिती नेमली, तिचे अध्यक्ष जयकर. चांगले रस्ते करणं प्रांतांच्या आवाक्यात राहिलेलं नाही, पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो पैसा रस्त्यांवरच घाला, असं समितीने सुचवलं. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आजही पेट्रोलच्या दरात रस्त्यांचा सेस असतोच!

पुढे फेडरल कोर्टाचे न्यायाधीश, मग प्रिव्ही कौन्सिल, संविधान सभा.

एवढं केल्यावर कुणीही घरी बसलं असतं. पण १९४८ मध्ये, पंचाहत्तरीला टेकलेले जयकर नव्या पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला मिळाला होता, पण बंगल्याने विद्यापीठ होत नाही. एकट्या कॉलेजला न परवडणारे ग्रंथ आणि संशोधनाची नियतकालिकं एका जागी हवीत, आणि तालुक्याच्या कॉलेजातल्या पोरांसाठी तर हवीतच. १९५० मध्ये ग्रंथालय सुरू झालं.

१९५६ पर्यंत जयकर कुलगुरू होते, १९५९ मध्ये वारले. ग्रंथालयाला त्यांचं नाव मिळालं. आता पाटीवर ‘जयकर ज्ञानस्रोत केंद्र’ आहे. पोरं मात्र नुसतं ‘जयकर’च म्हणतात.